तीन वर्षं दर कायम

१

गुरुवारी संध्याकाळी वैशाली साटमने चाळीच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं, 'करार व पावत्या' लिहिलेली जाडजूड फाईल टेबलावर ठेवली, पानं चाळली आणि परत पहिल्यापासून चाळली. गगनजोड कंपनीचं हमीपत्र फायलीत नव्हतं.

टेबलापलीकडे केबलवाला अजित उभा होता आणि त्याच्या बाजूला कमिटीतला वैभव. दोघंही तिच्या हातांकडे बघत होते.

"नाहीये?" वैभवने विचारलं.

"असायला पाहिजे. इथेच लावलेलं होतं."

"ताई, मी काय बोललो होतो?" अजित शांतपणे म्हणाला. "बोर्डावरची झेरॉक्स कंपनी मानत नाही. ओरिजिनल दाखवा, मी लगेच वर बोलतो. ओरिजिनल नाय तर माझे हात बांधलेले."

भोईवाड्यातल्या त्या चौसष्ट खोल्यांच्या चाळीला गेला महिनाभर दुसरा विषय नव्हता. बावीस महिन्यांपूर्वी तेव्हाचे सेक्रेटरी आनंदा मांजरेकर यांनी सगळ्या चाळीसाठी एकगठ्ठा योजना आणली होती. इंटरनेट आणि टीव्ही एकत्र, घरटी पाचशे नव्व्याण्णव रुपये, आणि वर 'तीन वर्षं दर कायम' अशी कंपनीची लेखी हमी. चाळीने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मग या आठ नोव्हेंबरला बिलं आली ती सातशे बेचाळीसची. हमीला अजून चौदा महिने बाकी असताना.

"रविवारी सभा आहे," वैभव दाराकडे जाता जाता म्हणाला. "सांगावं तर लागेल. कपाटाची चावी एकच आणि ती तुमच्याकडेच असते ना, ताई."

तो आवाज न चढवता बोलला, पण बोल जिव्हारी लागला. चाळीच्या इतिहासात वैशाली पहिली बाई सेक्रेटरी. मार्चमध्ये मांजरेकरकाकांनी एकोणीस वर्षांनी पद सोडलं, तेव्हा तिला उभं राहायला सांगणारेही तेच होते. पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी सांभाळून तिने नऊ महिने हे काम केलं होतं. ऑफिसला कुलूप लावून ती दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा कठड्याला टेकलेल्या बायकांचं बोलणं थांबलं. एक शब्द मात्र तिच्या कानावर पडलाच. मॅनेज. म्हणजे कंपनीने तिला फोडली.

२

भोईवाड्यात कागदाची अडचण आली की लोक सुंदराबाई गमरेंकडे जात. बाईंनी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढली होती. शाळा नववीपर्यंतच झालेली. इंग्रजी त्या नोकरीत, एकेका फायलीवरून शिकल्या. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी रेशनकार्डापासून वारसनोंदीपर्यंत सगळं त्यांच्या दारात येई, आणि चहाशिवाय त्या कोणाकडून काही घेत नसत.

शुक्रवारी लॅबला सुट्टी टाकून वैशाली समोरच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत फाईल घेऊन गेली. सुंदराबाईंनी आधी तिला बसवलं, पाणी दिलं, मग चष्मा लावला. फाईल उघडण्यापूर्वी त्यांनी ती हातात तोलून पाहिली. वैशालीला वाटलं, आपण लॅबमध्ये नमुना हातात घेतो तसंच हे.

पहिल्या पानावर मांजरेकरकाकांच्या मोत्यासारख्या अक्षरात अनुक्रमणिका होती. एकेका कागदाचं नाव आणि तो कुठल्या पानापासून सुरू होतो तो आकडा. चाळीस, रंगकामाचा अंदाज. एक्केचाळीस, गगनजोड हमीपत्र. पंचेचाळीस, पाण्याच्या टाकीची पावती. आतल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल शाईने नंबर घातलेला.

"चाळीसनंतर थेट पंचेचाळीस," सुंदराबाई स्वतःशीच म्हणाल्या. "फाडलेलं नाही. फायलीची दोरी सोडवून काढलंय आणि परत बांधलंय. घाई नव्हती. बरं, हे पत्र तू शेवटचं कधी पाहिलंस?"

"तेवीस नोव्हेंबरला, रविवारी. प्लंबरला टाकीची पावती दाखवायला काढली होती. तेव्हा तिच्या आधीच्या पानाच्या तळाशी कंपनीचा निळा शिक्का दिसला मला. पक्कं आठवतंय."

"कपाट पुन्हा कधी उघडलं?"

"काल. मधे नाही."

"आणि त्या रविवारी उघडं कधी राहिलं?"

वैशालीने डोळे मिटून आठवलं. बिलांबद्दल कमिटी बसली होती. सासूबाईंना चक्कर आली म्हणून शेजारच्या मुलीने हाक मारली, तशी ती वर धावली होती. कपाट उघडं ठेवून. वीसेक मिनिटं गेली असतील. "ऑफिसात तिघं होते. वैभव, अजित आणि मांजरेकरकाका. अजित वायर बघायला मधे गच्चीवर गेला, वैभव फोनवर बाहेर होता. एकेकटा प्रत्येक जण थोडा थोडा वेळ असणार."

"म्हणजे तिघांतला एक," सुंदराबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या. "चल. तू गप्प राहायचं. रागाने बघायचंसुद्धा नाही."

३

वैभव परळ नाक्यावर खोल्या भाड्याने मिळवून देण्याचं काम करी. त्याने दोघींना खुर्च्या पुसून दिल्या.

"मावशी, लपवायचं कशाला? मी दुसऱ्या कंपनीशी बोलणं लावलंय. चाळ तिकडे गेली तर घरामागे मला दोनशे मिळणार, ते पण सांगून टाकतो."

"मग हमीपत्र हरवलं ते तुझ्या पथ्यावरच पडलं."

"पडलं ना. पण चोरू कशाला मी? होतं काय त्यात? एक पान. तेच तर बोर्डावर दोन वर्षं लटकतंय, सगळ्या चाळीला पाठ आहे."

"वैशालीबद्दल चाळीत काय बोलतोस?"

त्याची नजर टेबलावर गेली. "चावी तिच्याकडे आहे एवढंच बोललो, मावशी. पुढचं लोकांनी जोडलं."

अजित त्याच्या कंट्रोल रूममध्ये सापडला. जिन्याखालची खोली, भिंतभर तारा आणि घरघरणारा पंखा. सुंदराबाईंनी हमीपत्राबद्दल विचारताच त्याने खणातून एक गुळगुळीत, रंगीत कागद काढून पुढे ठेवला. 'तीन वर्षं दर कायम.' खाली कंपनीचा शिक्का.

"आम्हाला कंपनीने हेच दिलं. एक पान. हे दाखवून मी घरं जोडली."

"मग दर का वाढला?"

"वरून वाढला. बिलाचा मेसेज जो तुम्हाला येतो तोच मला येतो. लोक शिव्या मला घालतात. म्हणून तर बोलतोय, पत्र दाखवा. मला पण सुटायचंय ह्यातून."

"कंपनीकडे दुसरी प्रत असेल की."

"असेल. मागवली तर पंधरा-वीस दिवस धरा."

बाहेर आल्यावर वैशाली न राहवून म्हणाली, "मावशी, हाच. पत्र नाही तोवर वाढीव बिल चालू राहणार, फायदा ह्याचाच."

"फायदा आहे," सुंदराबाई म्हणाल्या. "पण अजून एकाला विचारायचंय."

४

मांजरेकरकाकांच्या खोलीत गेल्या गेल्या अंबिकाकाकूंनी चहा टाकला. काका बाहत्तर वर्षांचे. गिरणीच्या टाइम ऑफिसात आयुष्य गेलेलं, कागदाची घडीसुद्धा पट्टीने मारल्यासारखी सरळ. आज मात्र दाढी वाढलेली होती.

"बस गो, चेडवा," ते वैशालीला म्हणाले आणि तिच्याकडे न बघता पंख्याचं बटण दाबलं.

"काका, फाईल तुम्ही लावलेली," सुंदराबाईंनी सुरुवात केली. "अशी फाईल मी कोर्टातसुद्धा फार पाहिली नाही. सगळं लक्षात असेल तुमच्या."

काकांच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. "असतंय की. चाळीसला रंगकाम. पंचेचाळीसला टाकी. एकोणपन्नासपासून वीज. झोपेतून उठवून विचारा."

"आणि हमीपत्र?"

"एक्केचाळीस." ते थांबले. "एकच पान होतं ते. तेच मी बोर्डावर लावलं."

"कोण नेईल, काय वाटतं?"

"मला काय कळणार? मी आता कोण? रिटायर माणूस."

काकूंनी चहाबरोबर खोबऱ्याच्या वड्या आणल्या. काकांनी बशी बाजूला सारली. "दहा-बारा दिवस असंच चाललंय," काकू म्हणाल्या. "दोन घास खातात आणि उठतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर चिडतात."

खाली अंगणात आल्यावर सुंदराबाई म्हणाल्या, "कोणी घेतलं ते मला कळलं. का, ते अजून नीट लागत नाही. रविवारी सकाळी ये."

"नाव तरी सांगा. उद्याचा अख्खा दिवस मी काय करू?"

"नाव एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही, बाळा. तुझं नाव लोकांनी कसं घेतलं, बघतेयस ना?"

५

शनिवारी सहा डिसेंबर. सुंदराबाई पहाटेपासून दादरला, बाहेरगावहून आलेल्या लोकांना पाणी आणि बिस्किटं वाटायला. वैशालीने लॅबमध्ये दोनदा चुकीच्या ट्यूबवर चिठ्ठी लावली. दुपारी चाळीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की सेक्रेटरीने सभेत हिशोब द्यावा आणि खुर्ची सोडावी. खाली तेरा अंगठे. ती घरी आल्यावर सासूबाईंनी तिचा फोन काढून घेतला आणि उशीखाली ठेवला.

रविवारी आठ वाजता ती सुंदराबाईंच्या दारात होती.

"तिघांनी मला एकच उत्तर दिलं," सुंदराबाई म्हणाल्या. "एकच पान. वैभवने बोर्ड पाहिला, त्याला एकच पान माहीत. अजितला कंपनीने एकच पान दिलं, त्यालाही तेवढंच माहीत. दोघं खरं बोलले. आता अनुक्रमणिका आठव. हमीपत्र एक्केचाळिसावर सुरू होतं आणि टाकीची पावती पंचेचाळिसावर. मधे किती पानं बसतात?"

वैशालीच्या ओठांवर आकडा आला आणि तिथेच थिजला. चार.

"ते नंबर ज्याने लाल शाईने एकेक करून घातले, तो मला एकच पान होतं म्हणाला. विसरला म्हणावं तर चाळीस आणि पंचेचाळीस त्याला झोपेतसुद्धा पाठ."

"मांजरेकरकाका?" वैशाली खालीच बसली. "पण ही हमी त्यांनीच आणली. ती हरवून त्यांना काय मिळणार?"

"मीही तिथेच अडले होते. काल पाणी वाटता वाटता सुटलं. हे पत्र सापडलं तर कंपनी अडचणीत येईल, असं आपण धरून चाललो. म्हणजे चोर कंपनीचा माणूस. पण कागद दडवतो तो ज्याला तो वाचला जायला नको असतो. कंपनीचा माणूस तर दाखवा, दाखवा करतोय. मग आतल्या तीन पानांत चाळीला झोंबेल असं काही असणार. आणि सगळ्यात जास्त ते ज्याने सही केली त्याला."

६

काकांनी दार उघडलं, दोघींना पाहिलं आणि काही विचारायच्या आतच बाजूला झाले. सुंदराबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, त्यांच्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"काका, चार पानं होती ना?"

अंबिकाकाकूंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. काका उठले, कपाटावरचं एक्स-रेचं मोठं पाकीट काढलं आणि त्यातून चार कागद सुंदराबाईंच्या मांडीवर ठेवले.

"मी वाचलंच नव्हतं," ते म्हणाले. "पहिलं पान वाचलं. बाकीचं बारीक इंग्रजी. त्यांचा साहेब म्हणाला, रुटीन आहे. मी सही ठोकली. त्या रविवारी म्हटलं, बघूया तरी कंपनीला कशात पकडता येतंय. घरी आणून भिंग लावून वाचलं. दोन दिवस लागले. आणि कळलं की चाळीला मी जे सांगितलं ते खोटं होतं."

"मग परत ठेवायचं होतं, काका." वैशालीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "माझ्याबद्दल लोक काय बोलतायत ते तुमच्या कानावर आलं नाही?"

"आलं."

"तरी गप्प बसलात."

"रोज ठरवायचो, आज सांगतो. मग खाली उतरलो की कोणीतरी म्हणायचं, काका, तुमच्या वेळी असं नव्हतं." त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "चेडवा, तुझी बदनामी मी ऐकत बसलो. ह्याला माफी नाही."

वैशालीला ओरडायचं होतं. पण सुंदराबाई तोवर वाचायला लागल्या होत्या. बोट ओळीखाली सरकत होतं, एकही ओळ न सोडता. दुसरं पान. तिसरं पान. तिथे बोट थांबलं.

"हमी फक्त इंटरनेटची. तीनशे एकोणपन्नास, तीन वर्षं. टीव्हीचे अडीचशे हमीत नाहीत, ते कधीही वाढू शकतात. आता तीनशे त्र्याण्णव झाले ते तेच."

"म्हणजे फसवणूक," वैशाली म्हणाली.

"फसवणूक म्हणावी तर लिहिलेलं आहे. पहिल्या पानावर मोठं, तिसऱ्यावर बारीक." त्यांनी चौथं पान घेतलं. ते वाचताना त्या ताठ बसल्या. "काका, हे वाचलंत?"

"तिसऱ्यानंतर मला वाचवलं नाही."

"एकूण बिल दहा टक्क्यांच्या वर वाढलं, तर ग्राहकाला टीव्ही सोडता येईल. दंड नाही. आणि इंटरनेट त्याच दराने मुदत संपेपर्यंत चालू ठेवावं लागेल, कंपनीला. अट एकच, पहिल्या वाढीव बिलापासून तीस दिवसांत लेखी कळवायचं." त्यांनी चष्मा काढला. "बिल आठ नोव्हेंबरचं. आज सात डिसेंबर."

उद्या शेवटचा दिवस होता.

७

जिन्यात वैशाली म्हणाली, "सभेत मी त्यांचं नाव घेणार आहे."

"घे. तुझा हक्क आहे," सुंदराबाई म्हणाल्या. "फक्त आधी टीव्ही सोडायच्या अर्जांचं सांग. नाव आधी आलं तर लोक भांडत बसतील आणि उद्या निघून जाईल."

सभा अंगणात भरली. वैशालीने चौथं पान वाचून दाखवलं आणि मग जे काही करायचं ते उद्याच, हे सांगितलं. वैभवने पहिला प्रश्न टाकला. "पानं आली कुठून?"

वैशालीने तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून मांजरेकरकाका उभे राहिले, खुर्चीच्या पाठीला धरून.

"मी काढली होती. न वाचता सही केली, त्याची लाज वाटली म्हणून दडवली. वैशालीने काही केलेलं नाही. माझ्यामुळे तिला ऐकून घ्यावं लागलं."

लोक काकांकडे बघत होते आणि मग एकेकाची नजर वळून वैशालीकडे आली. वैभव जागेवरून उठला. "ताई, चावीचं मी बोलायला नको होतं," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग बाह्या वर करून त्याने विचारलं, "अर्ज कसा लिहायचा, सांगा. माझं अक्षर बरं आहे."

पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी हात वर केला. "आधी हे सांगा, सुंदराबाई. ही हमी चांगली की वाईट?"

"अर्धी चांगली," सुंदराबाई म्हणाल्या. "आज बाहेर असं इंटरनेट पाचशेच्या खाली मिळत नाही. तुम्हाला अजून चौदा महिने तीनशे एकोणपन्नासला मिळणार. काकांनी आणलेली ती अर्धी गोष्ट सोन्यासारखी आहे, सोडू नका. टीव्हीचं ज्याचं त्याने बघावं. ज्या घरात दिवसभर मालिका लागतात त्यांनी ठेवावा. जिथे पोरं मोबाईलवर बघतात तिथे कशाला भरता? गाठोडं एकत्र बांधून दिलं म्हणून ते एकत्रच उचलायला पाहिजे असं नाही."

अंधार पडायच्या आत एक्केचाळीस घरांचे अर्ज झाले. तेवीस घरांनी टीव्ही ठेवला. आजींनीही.

सोमवारी तिघं दादरला कंपनीच्या ऑफिसात गेले. वैशाली, सुंदराबाई, आणि न बोलावता आलेले मांजरेकरकाका, इस्त्रीच्या शर्टात. काउंटरवरचा तरुण अधिकारी नम्र होता.

"मॅडम, पॅकेज आहे हे. अर्धं बंद करता येत नाही."

सुंदराबाईंनी चौथं पान त्याच्यापुढे ठेवलं आणि ओळीखाली बोट टेकवलं. त्याने वाचलं, आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. तासाभराने एक वरिष्ठ बाई आल्या, पान वाचलं, तारीख पाहिली, सुंदराबाईंकडे पाहिलं.

"अर्ज ठेवून जा. आम्ही कळवू."

"प्रत्येकावर आजच्या तारखेचा पोचशिक्का पाहिजे," सुंदराबाई म्हणाल्या. "घाई नाही. मी बसते." आणि त्या खरोखरच पदर सावरून बसल्या. वैशाली बघत राहिली. बाईंनी आवाज चढवला नव्हता, एक शब्द जास्त बोलल्या नव्हत्या, आणि तरी त्या वातानुकूलित ऑफिसात सगळ्यांत जास्त अधिकाराने बसलेलं माणूस त्याच होत्या. अधिकाऱ्याने शिक्का काढला आणि मारायला सुरुवात केली.

बाहेर पडल्यावर सुंदराबाई फुलवालीशी बोलायला थांबल्या. काका आणि वैशाली फुटपाथवर उभे राहिले. तिचा राग अजून गेला नव्हता. तो जायला दिवस लागणार, हे तिला ठाऊक होतं.

"काका," ती शेवटी म्हणाली, "जानेवारीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा करार येतोय. अकरा पानं आहेत. मी एकटी वाचणार नाही. तुम्ही यायचं."

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला, बराच वेळ.

"रविवारी सकाळी बसू," ते म्हणाले. "भिंग मी आणतो."